नजराणा आणि नोंदवही

ज्या सभागृहात गावच्या गटारांचा, दिव्यांचा, बाजारातील गाळ्यांचा आणि शाळेच्या छपराचा निर्णय होतो, त्या सभागृहातील सभासद हा लोकसभेतील सभासदाहून एका बाबतीत मूलतः निराळा असतो, आणि ती बाब अशी की, ज्या विषयावर तो हात वर करतो तो विषय बहुधा त्याच्या उंबरठ्यापासून हाकेच्या अंतरावर असतो. रुंद व्हायचा रस्ता त्याच्या मेव्हण्याच्या दुकानावरून जातो, आरक्षण उठायचे ती जमीन त्याच्या चुलत्याच्या नावे असते, आणि पाणीपुरवठ्याचा मक्ता मागणारा इसम हा त्याच्या शाळेतील बाकावरचा सोबती असतो. या निकटतेला दोष म्हणता येत नाही. किंबहुना स्थानिक स्वराज्याची सारी कल्पनाच या निकटतेवर उभी आहे. ज्याचा गावात कसलाही हितसंबंध नाही असा मनुष्य कदाचित निःपक्षपाती असेल, परंतु त्याला गाव ठाऊक असणार नाही. यास्तव नगरसेवकाला हितसंबंध असावा की नसावा, हा प्रश्नच मुळी चुकीचा ठरतो. खरा प्रश्न असा की, तो हितसंबंध कोणाला, केव्हा आणि कोठे वाचावयास मिळावा. ठराव संमत होऊन दहा वर्षे लोटल्यावर न्यायालयाच्या दफ्तरात, की ठरावाच्या आधी नगरपालिकेच्या कचेरीतील एका खुल्या वहीत?

ही वही दुहेरी आहे. तिच्या एका भागात सभासदाचे व्यवसाय, जमिनी, भागीदाऱ्या, भाग आणि करार यांची नोंद असते. दुसऱ्या भागात त्याने पदावर असताना स्वीकारलेल्या भेटी, मेजवान्या आणि पाहुणचार यांची. अशी वही ठेवण्याची पद्धत जेथे दीर्घकाळ, अडखळत आणि प्रत्येक वेळी एखाद्या अपकीर्तीनंतर वाढत गेली तो देश इंग्लंड होय, आणि त्या इतिहासाकडे आपण लक्ष देण्याचे कारण केवळ जिज्ञासा नव्हे. आपल्या नगरपालिकांच्या कायद्यातील निषेधाची कलमे त्याच साच्यातून ओतली गेली आहेत. मात्र साचा पुढे तिकडे बदलला, आणि आपण पहिलाच जपून ठेवला.

१८८८ हे साल या विषयात विलक्षण आहे. त्या वर्षी लंडनमध्ये लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखाली एक राजचौकशी आयोग बसला होता, आणि त्याच्यापुढे उभी होती मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स ही संस्था. १८५५ साली स्थापन झालेल्या या मंडळाने लंडनची प्रचंड भूमिगत गटारे बांधली, थेम्सचे घाट बांधले, पडक्या वस्त्यांतून नवे राजमार्ग काढले. नागरी बांधकामाच्या इतिहासात त्याची कामगिरी अजोड आहे. परंतु त्याचे सभासद नागरिकांनी थेट निवडलेले नव्हते, त्याच्या जमिनींचे व्यवहार बंद दाराआड होत, आणि पिकॅडिली सर्कसजवळील एका मोक्याच्या जागेच्या प्रकरणात मंडळाच्याच नोकरांनी पट्टेदाराकडून पैसे उकळल्याचे उघडकीस आले. त्याहून सूक्ष्म गोष्ट सभासदांविषयीची होती. धंद्याने वास्तुशिल्पी असलेले काही सभासद मंडळाकडे परवानगी मागणाऱ्या नाट्यगृहमालकांकडून आपल्या व्यवसायाची फी घेत, आणि मग त्याच परवानगीच्या विचारविनिमयाला मंडळात बसत. लाच म्हणावी तर पावती होती, काम झाले होते, दर बाजाराचा होता. तरीही काहीतरी अत्यंत चुकीचे घडत होते, आणि त्या चुकीला पकडणारे कलम तोवर कायद्यात नव्हते. दुसऱ्या वर्षी ब्रिटिश संसदेने सार्वजनिक संस्थांतील भ्रष्टाचाराविरुद्धचा १८८९चा कायदा केला, आणि त्याच वर्षी मंडळ मोडून लोकनियुक्त लंडन कौंटी कौन्सिल अस्तित्वात आले.

त्याच १८८८ साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने मुंबई महानगरपालिकेचा अधिनियम संमत केला. फिरोजशहा मेहता यांचा हात ज्याच्या घडणीत होता तो हा कायदा आजतागायत मुंबईचा कारभार चालवतो. त्याच्या १६व्या कलमात असे आहे की, महानगरपालिकेशी झालेल्या कंत्राटात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतः किंवा भागीदारामार्फत, हिस्सा अथवा संबंध असेल तो सभासद होण्यास व राहण्यास अपात्र. पुढे लगेच अपवाद येतात: जमिनीची विक्री वा भाडेपट्टा, कर्जाऊ दिलेली रक्कम, पालिकेची जाहिरात छापणारे वर्तमानपत्र, इत्यादी. ज्याने १८८२चा इंग्लंडचा नगरपालिका कायदा वाचला आहे त्याला हे अपवाद जुन्या ओळखीचे वाटतील, कारण त्यांचा क्रमदेखील जवळजवळ तोच आहे. वर्तमानपत्राचा अपवाद समजण्यासारखा आहे. तो नसता तर एखाद्या संपादकाला पालिकेची एक जाहीर नोटीस छापल्याबद्दल सभासदत्व गमवावे लागले असते. परंतु जमिनीचा अपवाद वाचताना आजच्या वाचकाने थबकले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील विधिज्ञांना जमिनीचा व्यवहार निरुपद्रवी वाटत असावा, कारण त्यांच्या डोळ्यांपुढचा धोका म्हणजे खडी, दिवे आणि गणवेशाचे कापड पुरवणारा मक्तेदार हा होता. त्यांच्या काळी शहरांना विकास आराखडे नव्हते. आज एखाद्या भूखंडावरील बागेचे आरक्षण उठले की त्याच्या मालकाचा जो लाभ होतो त्यापुढे खडीचा मक्ता क्षुल्लक ठरतो. आणि तरीही त्या मालकाचा पालिकेशी कसलाही करार झालेला नसतो, म्हणून कंत्राटाचे कलम त्याच्या अंगणापर्यंत पोहोचतच नाही.

निषेधाच्या या पद्धतीचा दुसरा दोष तिच्या एकांगी कठोरतेत आहे. ती मनुष्याला एकतर निर्मळ मानते, नाहीतर पदावरून काढून टाकते. मधली पायरी तिला ठाऊक नाही. परिणामी सभासद आपला संबंध सांगत नाही, कारण सांगणे म्हणजे स्वतःच्याच अपात्रतेचा पुरावा लिहून देणे. तो भावाच्या नावाने निविदा भरतो, नातलगाच्या नावाने फर्म काढतो, आणि कायदा ज्या गोष्टीला उजेडात आणू पाहत होता तीच गोष्ट कायद्याच्या भीतीने अधिक खोल अंधारात जाते.

इंग्लंडने ही अडचण ओळखून १९३३च्या स्थानिक शासन कायद्यात मार्ग बदलला. कंत्राटात संबंध असलेल्या सभासदाने तो सभेत सांगावा, त्या विषयावर बोलू नये, मत देऊ नये. एवढे पाळले तर त्याचे पद सुरक्षित. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. अपात्रता माणसाच्या चारित्र्यावर शिक्का मारते, तर प्रकटीकरण केवळ एका विषयापुरते त्याला बाजूला सारते, आणि तसे करताना त्याच्या प्रामाणिकपणाविषयी चकार शब्द काढत नाही. १९५८ साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढे आलेले एक प्रकरण या दृष्टीने मननीय आहे. एक नगरसेवक बांधकाम कंपनीचा संचालक होता. समितीवर महत्त्वाचे पद आल्यावर त्याने ठरवले की आपल्या कंपनीने पालिकेची निविदा भरायची नाही, आणि ते त्याने पाळले. पुढे पालिकेने स्वतःचे मजूर वाढवून अधिक कामे आपल्याच खात्यामार्फत करावीत की कंत्राटदारांना द्यावीत, या चर्चेत तो बोलला; आणि त्याबद्दल तो दोषी ठरला. न्यायालयाचा विचार असा की, आज त्याने निविदा न भरण्याचा निश्चय केला असला तरी उद्या तो निश्चय बदलण्यास तो मोकळा आहे, आणि म्हणून कंत्राटदारांच्या वाट्याला किती काम राहते यात त्याचा आर्थिक संबंध आहेच. या माणसाविषयी आपल्या मनात सहानुभूती उत्पन्न होते, आणि ती होणे योग्यही आहे. तरीही निर्णय बरोबर होता, कारण नियम त्याच्या मनोनिग्रहाची परीक्षा घेत नव्हता. कर्तव्य आणि लाभ ही दोन्ही एकाच मनात एकाच वेळी येऊन बसणार नाहीत, एवढीच तजवीज तो करीत होता.

तथापि तोंडी सांगण्यावर विसंबलेली ही व्यवस्था किती दुर्बळ होती हे पुढच्या पिढीत दिसून आले. यॉर्कशरमधील पॉन्टिफ्रॅक्ट या लहान गावात जॉन पोल्सन नावाचा वास्तुशिल्पी होता. युद्धोत्तर इंग्लंड जुन्या वस्त्या पाडून घरे, रुग्णालये, शाळा, बाजारपेठा उभारत होते, आणि तो पैसा नगरपरिषदांच्या हातून वाहत होता. साठीच्या दशकात पोल्सनची कचेरी युरोपातील सर्वांत मोठ्या वास्तुकचेऱ्यांत गणली जाऊ लागली. त्या वाढीचे रहस्य नकाशांत नव्हते. न्यूकॅसल नगरपरिषदेचे नेते टी. डॅन स्मिथ हे खरोखरच कर्तृत्ववान पुरुष होते. आपल्या काळवंडलेल्या औद्योगिक नगराला उत्तरेची ब्रासिलिया करण्याचे स्वप्न त्यांनी पाहिले होते, आणि त्या स्वप्नात भेसळ होती असे मला वाटत नाही. परंतु त्यांच्या जनसंपर्क कंपन्या होत्या, पोल्सन त्या कंपन्यांना पैसे देत होता, आणि त्या कंपन्या निरनिराळ्या परिषदांतील सभासदांना सल्लागार म्हणून नेमून मानधन देत होत्या; मग ते सल्लागार आपापल्या परिषदेत पोल्सनचे नाव सुचवीत. डरहॅम परगण्यातील एक प्रभावशाली पुढारी अँड्र्यू कनिंगहॅम यांना सहकुटुंब परदेशी सहलींचा लाभ झाला. स्कॉटलंडच्या प्रशासनातील जॉर्ज पॉटिंजर या वरिष्ठ अधिकाऱ्याला तर राहते घर बांधून मिळाले. पैशाच्या थैल्या टेबलाखालून सरकवण्याचा प्रकार येथे अपवादानेच होता. बहुतेक गोष्टींना स्नेह, आतिथ्य, सल्ला, वाढदिवस, नाताळ अशी सभ्य नावे होती.

हे सारे कसे उघडकीस आले, याकडे प्रस्तुत विषयाच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे. काही वृत्तपत्रांनी आधी चाहूल दिली होती. पण कोणत्याही परिषदेच्या दफ्तराने, हिशेब-तपासणीने किंवा सभेच्या इतिवृत्ताने ते उघड केले नाही. १९७२ साली पोल्सनचे दिवाळे वाजले, वेकफील्ड येथे धनकोंच्या वतीने त्याची जाहीर उलटतपासणी सुरू झाली, आणि त्या गृहस्थाने आपला प्रत्येक पत्रव्यवहार जपून ठेवला असल्याने भेटींची आणि देण्याघेण्याची यादीच न्यायालयात वाचली जाऊ लागली. म्हणजे नोंदवही अस्तित्वात होती, आणि ती तपशीलवार होती. फक्त ती घेणाऱ्यांच्या कचेरीत असण्याऐवजी देणाऱ्याच्या कपाटात होती. १९७४ साली पोल्सन, स्मिथ, कनिंगहॅम आणि पॉटिंजर हे चौघेही तुरुंगात गेले.

या प्रकरणातील आणखी एक धागा थेट मंत्रिमंडळापर्यंत गेला. रेजिनाल्ड मॉडलिंग हे पोल्सनच्या एका कंपनीचे काही काळ अध्यक्ष होते. त्यांनी वेतन घेतले नाही. त्याऐवजी त्यांच्या पत्नीला जिव्हाळा असलेल्या एका नाट्यगृहाच्या धर्मादाय न्यासाला दरसाल ५,००० पौंड देण्याचे पोल्सनने कबूल केले. १९७२च्या जुलैत पोलीस तपास सुरू व्हायच्या वेळी मॉडलिंग गृहमंत्री होते, आणि तपास करणारे पोलीस त्यांच्याच खात्याच्या अखत्यारीत येत असल्याने त्यांनी राजीनामा दिला. स्वतःच्या खिशात एक पैसाही न घेता मनुष्य ऋणी होऊ शकतो, हे त्या नाट्यगृहाने दाखवून दिले. आपल्याकडील उत्सवमंडळांच्या कमानींवर कोणकोणत्या बांधकाम व्यावसायिकांची नावे झळकतात, नगरसेवकाच्या वाढदिवसाचे फलक कोणाच्या खर्चाने चौकाचौकांत उभे राहतात, त्याच्या वडिलांच्या नावाच्या कबड्डी स्पर्धेचे चषक कोण देतो, याचा विचार करताना ते नाट्यगृह ध्यानात ठेवावे. येथे देणगी समाजाला मिळते आणि उपकार व्यक्तीवर होतात. आणि उपकाराची परतफेड करण्याची सुसंस्कृत माणसाची जी स्वाभाविक ओढ असते, तीच सार्वजनिक कारभारात सर्वांत घातक ठरते. कृतघ्न मनुष्याला भेट देऊन कोणाचाही कार्यभाग साधत नाही.

पोल्सन प्रकरणानंतर लॉर्ड रेडक्लिफ-मॉड यांच्या समितीने १९७४ साली अहवाल दिला, १९७५ साली स्थानिक शासनासाठी राष्ट्रीय आचारसंहिता आली, आणि तरीही सभासदांचे आर्थिक हितसंबंध नोंदवण्याची सक्ती अमलात येण्यास १९९२ साल उजाडावे लागले. पुढे सार्वजनिक जीवनातील मानकांविषयीची नोलन समिती, २०००चा कायदा, त्याखाली निर्माण झालेले मानक मंडळ आणि २०१२ मध्ये झालेले त्याचे विसर्जन, हा प्रवास येथे सविस्तर सांगण्याचे प्रयोजन नाही. आज जी व्यवस्था आहे ती २०११च्या कायद्याची. निवडून आल्यापासून २८ दिवसांच्या आत सभासदाने आपली नोकरी वा व्यवसाय, निवडणुकीचा खर्च देणारे, परिषदेशी असलेले करार, परिषदेच्या हद्दीतील जमिनी व भाडेपट्टे, आणि ठरावीक मर्यादेवरचे भाग नोंदवायचे असतात. पती वा पत्नीचे असे हितसंबंधही, सभासदाला ठाऊक असतील तर, त्याचेच समजले जातात. परिषदेच्या विधी-अधिकाऱ्याने ही वही ठेवायची, ती कोणालाही पाहता आली पाहिजे, आणि परिषदेच्या संकेतस्थळावरही ती प्रसिद्ध झाली पाहिजे. समर्पक कारणाशिवाय नोंद न करणे किंवा संबंधित विषयावर चर्चेत व मतदानात भाग घेणे हा फौजदारी गुन्हा आहे. दंडाशिवाय पाच वर्षांपर्यंत अपात्रताही होऊ शकते. यातील जमिनीची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण १८८२च्या कायद्याने ज्या दारावर अपवादाचा पडदा सोडला होता ते दार तिने उघडले.

भेटींच्या बाबतीत मात्र तो कायदा मौन पाळतो, आणि प्रत्येक परिषदेने आपली संहिता करावी अशी अपेक्षा ठेवतो. पूर्वीच्या संहितेत २५ पौंडांहून अधिक किमतीची भेट वा पाहुणचार २८ दिवसांत कळवावा असा दंडक होता. स्थानिक शासन संघटनेच्या २०२०च्या नमुना संहितेत तो आकडा ५० पौंडांवर गेला. या संहितेतील एक तरतूद फार विचारपूर्वक घातलेली आहे: देऊ केलेली पण नाकारलेली लक्षणीय भेटही नोंदवावी. प्रथमदर्शनी हे अनावश्यक वाटते, कारण नाकारणाऱ्याने तर काहीच घेतले नाही. परंतु वही घेणाऱ्याची जशी असते तशीच देणाऱ्याचीही असते. एकाच विकासकाने एका वर्षात सात सभासदांना घड्याळे देऊ केली आणि सातांनी ती परत केली, तर सात निर्मळ माणसांच्या नोंदीतून आठव्याविषयी विचारण्याचा प्रश्न जन्माला येतो. सार्वजनिक जीवनातील मानकांविषयीच्या समितीने २०१९ साली आणखी एक भर सुचवली होती, ती अशी की, भेट लहान असली तरी एकाच स्रोताकडून वर्षभरात मिळून १०० पौंड भरत असतील तर तीही नोंदवावी. ज्याने हे सुचवले त्याला मनुष्यस्वभाव उत्तम कळत होता. मोठी भेट माणसाला सावध करते. लहान भेटी त्याला सवय लावतात.

वही लिहिली म्हणजे काम झाले, या भ्रमातून लंडनच्याच वेस्टमिन्स्टर परिषदेने जगाला बाहेर काढले. तेथील एका उपनेत्याने, जे दीर्घकाळ नियोजन समितीचे अध्यक्ष होते, तीन वर्षांत पाचशेहून अधिक प्रसंगी भेटी वा पाहुणचार स्वीकारला होता, आणि देणाऱ्यांत बांधकामाच्या परवानग्यांशी संबंध असलेले व्यावसायिकही होते. यातील प्रत्येक प्रसंग त्यांनी स्वतः नियमानुसार नोंदवला होता. वही खुली होती. ती वाचणारेच कोणी नव्हते. २०१८च्या प्रारंभी एका वृत्तपत्राने त्या नोंदींची बेरीज करून छापली, परिषदेने चौकशी केली, आणि कोणतेही बेकायदेशीर कृत्य सिद्ध झालेले नसतानाही त्याच वर्षी त्या गृहस्थांना पद सोडावे लागले. यावरून काही लोक असा निष्कर्ष काढतात की नोंदवही निरुपयोगी आहे. मला तो निष्कर्ष उलटा वाटतो. पोल्सनच्या काळी सत्य कळण्यासाठी एका धनाढ्य माणसाचे दिवाळे वाजावे लागले. वेस्टमिन्स्टरमध्ये एका वार्ताहराला चिकाटीने बसून बेरीज करावी लागली. दोन्हींत अंतर आहे, आणि ते अंतर वहीनेच निर्माण केले.

आता आपल्या भूमीकडे वळू. भेटींचा आमच्या कारभाराशी जुना संबंध आहे. मराठेशाहीत नजर हे राज्याच्या उत्पन्नाचे एक मान्य अंग होते आणि ती दफ्तरात जमा होई. कंपनी सरकारच्या गव्हर्नर-जनरलाला व त्याच्या मंडळाला नजराणे घेण्याची मनाई १७७३च्या नियामक कायद्याने केली, आणि दरबारी शिष्टाचारापोटी मिळालेल्या वस्तू तोशाखान्यात जमा करण्याची पद्धत पडली. म्हणजे पदाला मिळालेली वस्तू व्यक्तीची नव्हे, आणि ती लिहून ठेवली पाहिजे, हा विचार आम्हाला परका नाही. आजही सरकारी नोकराला तो लागू आहे. महाराष्ट्र नागरी सेवेच्या १९७९च्या वर्तणूक नियमांनुसार लग्नकार्यात मिळालेली भेटदेखील ठरावीक किमतीच्या वर गेली तर शासनाला कळवावी लागते. परंतु त्या नोकराने तयार केलेल्या टिपणीवर ज्याचे मत अंतिम ठरते त्या नगरसेवकाने दिवाळीत कोणाकडून काय घेतले, याची वही ठेवण्याचे कर्तव्य आमच्या महानगरपालिका अधिनियमांनी कोणावर टाकलेले दिसत नाही. लाच घेतली तर तो अवश्य गुन्हेगार आहे. नगरसेवक हा लोकसेवक होय, हे सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील एका प्रकरणात २०१३ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे. परंतु लाच आणि निर्मळ स्नेह यांच्या मधला जो विस्तीर्ण प्रदेश आहे तेथे कायद्याचा एकही दिवा नाही.

निषेध मात्र आमच्याकडे सविस्तर आहे. १८८८च्या मुंबईच्या कायद्यात तो आहे, इतर महानगरांच्या १९४९च्या अधिनियमात आहे, १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या १४व्या कलमात आहे, १९६१च्या जिल्हा परिषद अधिनियमातही आहे. त्याच्या अर्थावरून न्यायालयात गेलेल्या खटल्यांपैकी दोन येथे सांगण्याजोगे आहेत. विदर्भातील एका नगरपालिकेत एका सभासदाचा मुलगा पालिकेच्या नोकरीत होता, आणि बापलेक एकत्र राहत होते; तेवढ्यावरून बाप अपात्र ठरतो काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. साठीच्या दशकात न्यायालयाने सांगितले की केवळ नाते पुरेसे नाही. त्या करारात सभासदाचा स्वतःचा संबंध दाखवावा लागेल. दुसरा खटला गोव्याचा, २०१२चा. एका पंचायत-सदस्य स्त्रीच्या पतीकडे पंचायतीच्या कामाचे कंत्राट होते. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेनुसार विवाहाबरोबर पती-पत्नीची मालमत्ता समाईक होते. म्हणून पतीच्या कंत्राटात पत्नीचा हिस्सा आपोआप निर्माण झाला, असे ठरून तिची अपात्रता कायम झाली. सावंतवाडीच्या बाजूला अशीच वस्तुस्थिती असती तर निर्णय कोणत्या बाजूला झुकला असता, हे खात्रीने सांगता येत नाही, कारण तेथे ती संहिता नाही. एका खाडीच्या दोन तीरांवर समान आचरणाचे निराळे फळ मिळण्याचा हा संभव, हितसंबंधाचा प्रश्न मालमत्तेच्या कायद्यावर सोपवल्याने उत्पन्न होतो. पती वा पत्नीचा संबंध सभासदाने आधीच नोंदवावा, एवढे एक वाक्य कायद्यात असते, तर विवाहसंहितेची चिकित्सा करण्याची वेळच आली नसती.

उमेदवारी अर्जासोबत मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते, मग आणखी वही कशाला, असे विचारले जाते. शपथपत्र उमेदवाराचे असते, आणि ते निवडणुकीच्या दिवसाचे चित्र दाखवते. मक्ते, आरक्षणे आणि भागीदाऱ्या त्यानंतरच्या पाच वर्षांत घडतात. कर्नाटकाच्या महानगरपालिका कायद्याने नगरसेवकावर दरवर्षी मालमत्तेचे विवरण देण्याचे बंधन घातले आहे, आणि बेळगावचे मराठी भाषक नगरसेवकही ते देतात. ही प्रगती खरी, पण तेथेही एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. मालमत्तेचे विवरण माणसाजवळ किती आहे हे सांगते. हितसंबंधाची नोंद, अमुक विषय पटलावर आला की कोणी उठून बाहेर जावे, हे सांगते. पहिल्याने संपत्ती मोजता येते, दुसऱ्याने निर्णय तपासता येतो. एखाद्याकडे वडिलोपार्जित शंभर एकर असूनही त्याचा शहराच्या कारभाराशी काडीचा संबंध नसेल, आणि एखाद्याकडे नव्या रस्त्याच्या वळणावरची केवळ दोन गुंठे असतील.

संविधानाच्या २४३-फ या अनुच्छेदाने नगरपालिका सभासदांच्या अपात्रतेचे नियम करण्याची मुभा राज्याच्या विधिमंडळाला दिलेली आहे. नोंदवहीसाठी दिल्लीकडे पाहण्याची जरूर नाही. आमच्या महानगरपालिकांच्या कायद्यात, ज्या विषयात सभासदाचा स्वतःचा अथवा व्यवसायाने स्वीकारलेल्या अशिलाचा संबंध असेल त्यावर त्याने बोलू नये व मत देऊ नये, हे तत्त्व आधीपासूनच आहे. त्या तत्त्वाला जोडून नगरसचिवाने प्रत्येक सभेच्या कार्यपत्रिकेत पहिला विषय हितसंबंधांच्या निवेदनाचा ठेवावा, निवेदन इतिवृत्तात घ्यावे, सभासद बाहेर गेल्याची व परतल्याची वेळ लिहावी, आणि जमिनी, भागीदाऱ्या, पती-पत्नीचे व्यवसाय, तसेच सभासदाशी संबंधित मंडळांना मिळालेल्या देणग्या यांची प्रभागवार वही कचेरीच्या वेळेत कोणाही करदात्याला पाहू द्यावी. वहीचे पान नगरसेवकाच्या नावाने उघडावे, परंतु सूची देणाऱ्यांच्या नावांची करावी, म्हणजे स्थायी समितीपुढे निविदा आली की ठेकेदाराचे नाव त्या सूचीत शोधण्यास कारकुनाला थोडा वेळ पुरेल.